बहिणाबाईंचा आवाज कुठे गेला?

बहिणाबाई चौधरींची कविता शिकवताना वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ‘बाई, ही गाणी त्यांच्याच आवाजात कुठे ऐकायला मिळतील?’ त्यावर ‘कुठेच नाही’ एवढेच सांगून आपल्याला पुढच्या कडव्याकडे वळावे लागते. प्रश्न मात्र साधा नाही. त्याच्या उत्तरात ध्वनिमुद्रणाचा सगळा इतिहास दडलेला आहे. शाळेत किंवा गावात लहानसा ध्वनिमुद्रण कक्ष उभारायची इच्छा असेल, तर पैसे आधी कशावर खर्च करायचे हेही त्या इतिहासातून शिकता येते.

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली झाला आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या जळगावात वारल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. घरात आणि शेतात काम करताना त्या गाणी रचून म्हणत. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. वही आणि पेन्सिल एवढ्याच साधनांवर एक मोठी कवयित्री वाचली, असे म्हणायला हरकत नाही.

पण वहीत शब्द राहतात. चाल, ठेका, बोलीतला हेल, श्वास कुठे घेतला आणि कोणता स्वर लांबवला, हे वहीत उतरत नाही. १९६१ सालच्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या संगीतात ही गाणी आली आणि घराघरांत पोचली. ती गोड आहेत, पण तो आवाज पार्श्वगायिकांचा आणि चाली संगीतकाराच्या. असोद्याच्या त्या बाईंचा गळा कसा होता, ते आपल्याला माहीत नाही.

ध्वनिमुद्रणाचे यंत्र तेव्हा नव्हतेच, असे कोणी म्हणेल. तसे नाही. एडिसनने फोनोग्राफ तयार केला १८७७ साली, म्हणजे बहिणाबाईंच्या जन्माच्या तीन वर्षे आधी. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. यंत्र होते, पण ते त्यांच्यापर्यंत पोचले नाही. का पोचले नाही, ते एकेका टप्प्याने पाहू.

कर्णा आणि मेणाची तबकडी

नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला. स्टुडिओ म्हणून त्याने हॉटेलातली खोलीच वापरली. गौहर जान यांचे गाणे त्याने तिथे मुद्रित केले. गाणे संपताच त्या मोठ्याने आपले नाव सांगत. तबकड्या छापण्यासाठी साचे जर्मनीतील हानोवरला जात असत आणि गाणे कोणाचे, हे तिथल्या कामगारांना कळावे हा त्यामागचा हेतू. कलकत्त्यात सियालदहचा कारखाना सुरू झाला तो १९०८ साली.

या पद्धतीत वीज कुठेच नव्हती. गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाई. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा आणि त्याला जोडलेली सुई असे. हवेच्या कंपनांनी पडदा हले आणि सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर नागमोडी खाच कोरी. सुई हलवायला लागणारी सगळी ऊर्जा गायकाच्या छातीतूनच यायची! म्हणून ओरडून गावे लागे. तंबोऱ्यासारखा नाजूक नाद सुईपर्यंत नीट पोचतच नसे. साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्‌झ एवढ्याच वारंवारतेचे ध्वनी त्यात बऱ्यापैकी उमटत. दहा इंची तबकडीवर गाणे मावे सुमारे तीन मिनिटांचे.

बाजारात येणारी तबकडी लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू यांच्या मिश्रणाची असे. पोलादी सुई झिजून खाचेत नीट बसावी म्हणून ती मुद्दाम खरखरीत ठेवत. जुन्या तबकड्यांची खरखर बरीचशी त्या पुडीची आहे.

खर्च कुठे होत होता, ते पाहा. परदेशी तंत्रज्ञ, मेणाच्या जाड तबकड्या, साचे, छपाई आणि जहाजाची वाहतूक. एवढा पैसा लावल्यावर तो विक्रीतून सुटलाच पाहिजे. म्हणून मुद्रण झाले ते शहरांतल्या नामवंत गायिकांचे आणि नाटकांतल्या लोकप्रिय पदांचे. शेतात गाणाऱ्या बाईचे गाणे विकत कोण घेणार होते?

विक्रीचा विचार बाजूला ठेवून केलेला एक प्रयत्न मात्र नोंदवायला हवा. ग्रिअर्सन यांच्या ‘भारतीय भाषांची पाहणी’ या प्रकल्पाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात सरकारने देशभर बोलींच्या तबकड्या करवून घेतल्या. ९७ भाषा-बोलींच्या सुमारे अडीचशे तबकड्या झाल्या. म्हणजे सामान्य माणसाची बोली मुद्रित करणे अशक्य नव्हते. त्यासाठी कोणीतरी खर्च उचलायला हवा होता.

मायक्रोफोन आला

१९२५ साली विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण बाजारात आले. आता गायकाचा आवाज स्वतः सुई ढकलत नव्हता. मायक्रोफोन ध्वनीचे विद्युतप्रवाहात रूपांतर करी, तो प्रवाह वर्धकातून मोठा होई आणि मग सुई हले. हळू आवाजात गाणेही शक्य झाले. मुद्रित होणारी वारंवारता पाच हजार हर्ट्‌झपर्यंत गेली आणि ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने ओळखू येऊ लागली.

याबरोबर एक नवी अडचणही आली. मायक्रोफोनला गाणे कुठले आणि गोंगाट कुठला, ते कळत नाही. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याचा स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता. गाड्यांचा आवाज टाळण्यासाठी बरेचसे चित्रीकरण रात्री करावे लागले. लाखोंचे यंत्र असो की साधे, शांत जागा नसेल तर त्याचा उपयोग नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

त्याच सुमारास, १९३३ साली, अमेरिकेत जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन यांनी मोटारीच्या मागच्या भागात तबकडी कोरण्याचे यंत्र बसवले. त्याचे वजन ३१५ पौंड, म्हणजे सुमारे १४३ किलो होते. ते घेऊन ते खेड्यापाड्यांत आणि तुरुंगांत फिरले आणि शेतमजुरांची, कैद्यांची गाणी त्यांनी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी मुद्रित केली. बहिणाबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. यंत्र जड होते, महाग होते. पण एका ग्रंथालयाला ते हवेसे वाटले.

खानदेशात जपणुकीची जाण नव्हती असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत. १९२६च्या अखेरीस त्यांचे धुळ्यात निधन झाले आणि लगोलग १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. त्यांनी जमवलेले कागद त्यामुळे टिकले. कागद जपायला रुमाल, कपाट आणि चिकाटी लागते. आवाज जपायला यंत्र लागत होते आणि ते आटोक्याबाहेर होते.

फीत : पुसता येण्याचे वरदान आणि शाप

१९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र मांडले गेले. प्लॅस्टिकच्या फितीवर लोहसंयुगाचा थर असतो आणि त्यातले सूक्ष्म कण आवाजानुसार कमीजास्त चुंबकित होतात, हे त्याचे तत्त्व. महायुद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत गेले आणि १९४८पासून तिथली रेडिओ केंद्रे फीत वापरू लागली.

फितीने खर्चाचे गणित बदलले. मेणाची मूळ तबकडी वाजवून पाहिली तर खराब होई, त्यामुळे चूक झाली का, ते लगेच कळत नसे. फीत तेव्हाच ऐकता येई, कापून जोडता येई आणि पुसून पुन्हा वापरता येई. तीन मिनिटांची मर्यादाही गेली. पण पुसता येते म्हणून पुसलेही गेले. फीत महाग, म्हणून बीबीसीसारख्या संस्थेनेही १९६० आणि १९७०च्या दशकांत कितीतरी कार्यक्रम पुसून टाकले. आज ती चूक आपण संगणकावर जागा करण्यासाठी फाइली काढून टाकतो तेव्हा करतो.

बहिणाबाई १९५१ साली गेल्या. फितीचे यंत्र जळगावसारख्या गावात सहज दिसण्याचा काळ अजून यायचा होता. आकाशवाणीचे जळगाव केंद्र सुरू झाले १९७६ साली, त्यांच्यामागे पंचवीस वर्षांनी.

कॅसेट : यंत्र हातात आले

१९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली. तिची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद आणि वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. स्टुडिओतली फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते. फीत अरुंद आणि सावकाश, म्हणून गुणवत्ता कमी; पण यंत्र पिशवीत मावणारे आणि सेलवर चालणारे. १९८०च्या दशकात भारतात कॅसेटचा पूर आला. मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतली गाणी छोट्या गावांतल्या दुकानांत विकली जाऊ लागली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली या बदलावर ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तकच लिहिले.

याच काळात पुण्याच्या गी पॉइत्व्हँ आणि हेमा राइरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळू लागल्या. साध्या बायकांचा आवाज लिखित शब्दांबरोबर जपण्याचा महाराष्ट्रातला हा मोठा दाखला आहे.

एक वेगळा धडाही लक्षात ठेवावा. १९८७ साली ‘डॅट’ नावाची अंकीय फीत आली. गुणवत्ता उत्तम होती, अभ्यासकांनी ती आनंदाने स्वीकारली. २००५ साली सोनीने ती यंत्रे बनवणे थांबवले. मुद्रण शाबूत, पण ते वाजवणारे यंत्र दुर्मीळ! सामग्री निवडताना ‘हे वीस वर्षांनी वाचता येईल का?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आज आपण निवड कशी करावी?

समजा, जळगाव किंवा धुळ्याकडच्या एखाद्या शाळेने ठरवले की गावातल्या आज्यांची आखाजीची, कानबाईची, भुलाबाईची गाणी मुद्रित करायची. पैसे थोडे आहेत. बहुतेक जण आधी यंत्राच्या किमती विचारतात. इतिहास सांगतो की क्रम उलटा हवा : आधी जागा, मग अंतर, मग मायक्रोफोन आणि शेवटी यंत्र.

पहिली गोष्ट जागा. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका सभागृहात व्याख्यान ऐकू येईना, म्हणून १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. ऑर्गनची नळी, घड्याळ आणि शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या, एवढीच त्याची सामग्री. रात्रीच्या शांततेत तो गाद्या वाढवत जाई आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी. त्यातून सूत्र मिळाले : निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण.

आपली खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच धरा. घनफळ ९० घनमीटर. भिंती, छत, जमीन मिळून क्षेत्रफळ १२६ चौरस मीटर. गिलावा केलेला पृष्ठभाग आवाजाचा साधारण ३ टक्के भाग शोषतो असे धरले, तर एकूण शोषण ३.७८ आणि निनादकाल ३.८ सेकंद येतो. अशा खोलीत एक शब्द दुसऱ्यावर सांडतो. आता त्यात ४० चौरस मीटर गोधड्या टांगा. त्या निम्मा आवाज शोषतात असे धरले, तर शोषण २२.६ आणि निनादकाल सुमारे ०.६ सेकंद होतो. घराघरांतून गोळा केलेल्या गोधड्यांनी हे साधते आणि कापसाच्या मुलखात त्यांना तोटा नाही. विद्यार्थ्यांनी आधी टाळी वाजवून ऐकावी, गोधड्या टांगून पुन्हा ऐकावी. फरक कानालाच कळतो.

दोन मर्यादा मात्र ओळखून असावे. गोधडी वरच्या स्वरांना शोषते, खर्जाला फारसे नाही. कारण १०० हर्ट्‌झच्या तरंगाची लांबी ३.४ मीटर असते आणि एवढ्या लांब तरंगापुढे गोधडीची जाडी नगण्य आहे. दुसरे, गोधडी बाहेरचा आवाज अडवत नाही. त्याला वजनदार भिंत लागते. या बाबतीत जुन्या धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत नव्या पातळ विटांच्या भिंतीपेक्षा सरस ठरते. रेल्वे आणि हमरस्ता यांपासून लांबची खोली निवडा. वैशाखात पंखा बंद ठेवणे अवघड, म्हणून मुद्रण पहाटे करा. ‘आलम आरा’वाल्यांनी रात्र निवडली, आपण पहाट निवडू.

दुसरी गोष्ट अंतर, आणि ती फुकट आहे. गाणाऱ्या आजीपासून मायक्रोफोन एक मीटरवर असेल आणि तो पाव मीटरवर आणला, तर तिच्या आवाजाची तीव्रता व्यस्त वर्गाच्या नियमाने सोळा पट, म्हणजे १२ डेसिबलने वाढते. खोलीतला गोंगाट आहे तेवढाच राहतो. महागड्या मायक्रोफोनने एवढा फरक पडत नाही. तो तोंडासमोर न धरता थोडा बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचा फटका बसत नाही. ओवी जात्यावरच म्हटली जात असेल, तर जात्याची घरघर काढून टाकू नये; तोच तिचा ठेका आहे. मायक्रोफोन गळ्याच्या जवळ ठेवला की घरघर मागे राहते.

तिसरी गोष्ट मायक्रोफोन. फिरत्या वेटोळ्याचा, ज्याला डायनॅमिक म्हणतात, तो फॅरडेच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालतो. पडद्याला जोडलेले वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते आणि त्यात प्रवाह निर्माण होतो. हा दणकट असतो, त्याला वेगळी वीज लागत नाही आणि जवळच्याच आवाजाला तो नीट दाद देतो. म्हणून गोंगाटाच्या जागी सोयीचा. दुसरा कंडेन्सर. त्यात पडदा हा विद्युतधारित्राचा एक पत्रा असतो. हा बारकावे छान टिपतो, पण खोलीतला निनाद आणि पंखाही तितक्याच आवडीने टिपतो आणि त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. खोली चांगली होईपर्यंत पहिला घ्यावा.

कंडेन्सरचाच एक स्वस्त भाऊ म्हणजे इलेक्ट्रेट. १९६२ साली सेस्लर आणि वेस्ट या संशोधकांनी कायम विद्युतभार धरून ठेवणारा पडदा वापरून तो केला. प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलचा मायक्रोफोन याच वंशावळीतला. म्हणून मोबाइलला हसू नये. शांत खोलीत, वीतभर अंतरावरून केलेले त्याचे मुद्रण कामाचे असते. त्याचा दोष असा की गायिका थांबली की तो आपोआप संवेदनक्षमता वाढवतो आणि शांततेत गोंगाट वर येतो. ती सोय बंद करता आली तर करावी.

यंत्राचा क्रमांक शेवटचा. शाळेत संगणक असेलच. मायक्रोफोन संगणकाला जोडणारा दोन वाटांचा साधा ध्वनिसंच, कान झाकणारा हेडफोन, स्टँड आणि साठवणीसाठी दोन वेगळ्या तबकड्या एवढे पुरते. संपादनासाठी ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. मूळ मुद्रण सेकंदाला ४८,००० नमुने आणि २४ बिट या प्रमाणाने, न दाबलेल्या ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावे. एका वाटेच्या मुद्रणाला तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे एक टेराबाइटच्या तबकडीत एकोणीसशे तास मावतात. एमपी३ पाठवायला ठीक, पण ती करताना काढलेला तपशील परत मिळत नाही. एक प्रत शाळेत, दुसरी दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

आणि एक वही. कोण गायले, कुठले गाव, कोणती तारीख, गाणे कोणाकडून शिकले, मुद्रणाला आणि ते इतरांना ऐकवायला त्यांची संमती आहे का, हे तिथल्या तिथे लिहून घ्यावे. हाच तपशील मुद्रणाच्या सुरुवातीला बोलूनही नोंदवावा. गौहर जान आपले नाव सांगत, ते आठवा. नाव नसलेला आवाज काही वर्षांनी कोणाचाच राहत नाही.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव दिले गेले. नाव मिळाले, आवाज मिळणार नाही. पण लेवा बोलीत, अहिराणीत गाणाऱ्या म्हाताऱ्या बाया आजही गावोगाव आहेत. सोपानदेवांच्या हाती वही होती आणि त्यांनी ती वापरली. आपल्या हाती वही आहे, मायक्रोफोनही आहे. पुढल्या आखाजीला वर्गातला तो चौकस विद्यार्थी गोधडी आणि मोबाइल घेऊन आपल्या आजीसमोर बसला, तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यानेच दिले असे होईल.